मास्तरांचा धा

रविवारी दुपारी निशिकांत तबल्याची पिशवी खांद्याला लावून निघाला, तेव्हा बायकोने दारातून एवढंच सांगितलं, "येताना कोथिंबीर आणा." भुताच्या गोष्टी कोथिंबिरीपासूनच सुरू होतात बरं का. काळं मांजर वगैरे ज्यांना परवडतं त्यांनी आणावं. इथे परदेशात, हौगांगच्या अकराव्या मजल्यावर मांजर ठेवायलाही लायसन्स लागतं.

निशिकांत पाया लेबारच्या ऑफिसात कॉम्प्युटरशी भांडून पोट भरतो. बोटं मात्र पुण्याची. ती गोविंदमास्तरांनी घडवली, बरीचशी पट्टीने. मास्तर आता ब्याऐंशीचे. तपकीर ओढतात. अंगठी घालून तबला वाजवू नये असं सगळ्यांना बजावतात आणि स्वतः पोवळ्याची अंगठी घालून वाजवतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक 'ना'ला बारीक 'टक्' चिकटलेलं असतं. शिवाय तिहाईतला, म्हणजे तीनदा वाजवायच्या तुकड्यातला, शेवटचा धा त्यांचा. शिष्याने थांबायचं, समेवर धा मास्तरांनी ठेवायचा आणि मग गड जिंकल्यासारखं बघायचं. तीस वर्षांत निशिकांतने त्या धाला हात लावला नव्हता.

तर पाया लेबारच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाऊसच्या वरच्या मजल्यावर, मिस व्हर्नेलची मैफल भरते. ही शिकागोची काळी बाई, सत्तरीची, आवाज असा की जिना हलावा. शहरातले आफ्रिकन, काळे अमेरिकन कलावंत तिच्याकडे जमतात. आधी ब्लूज, मग जॅझ, शेवटी पोरांचा रॅप. त्या दिवशी निशिकांतचा तबला पहिल्यांदाच त्यांच्यात बसणार होता. सोबत मुलगी इरा, वय चौदा. घरी बापाकडेच तबला शिकते, पण बाहेर त्याला ओळखही दाखवत नाही.

"बाबा, प्लीज हं, डोळे मिटून मान हलवू नका. सो एम्बॅरसिंग लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या इंग्लिशचं शेपूट.

पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या. इरा तिथे बसायला गेली, तर मिस व्हर्नेलने तिला हळूच मागे ओढलं. "तिथे नाही, हनी."

मग बाईंनी पाण्याचा तांब्यासारखा जग घेतला आणि कुंडीत थोडं थोडं पाणी ओतायला लागल्या. लोक एकेक नाव घ्यायचे, पाणी पडायचं आणि सगळे म्हणायचे, "आशे!" म्हणजे आपलं तथास्तु. निशिकांतला वाटलं, वा, आपल्यासारखंच! वाजवण्याआधी गुरूचं नाव घेतात! त्याने कानाची पाळी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गोविंदमास्तर!"

पाणी पडलं. आशे!

इरानेही काहीतरी पुटपुटल्याचं त्याला दिसलं. पुन्हा आशे झालं. पण तो गठ्ठ्यांवर हातोडी मारून तबला सुरात आणत होता, लक्ष कुणाचं?

ब्लूज झाले. मग ट्रंपेटवाला आणि निशिकांत यांचे सवालजवाब सुरू झाले. चार घास त्याने भरवायचे, चार याने. मजा येत होती. चौथ्या फेरीला ट्रंपेट गप्प झालं, तरी जवाब आला. तबल्याचा. निशिकांतचे दोन्ही हात हवेत होते.

ना... टक्. ना... टक्.

आवाज पहिल्या रांगेतून येत होता. पाठोपाठ तपकिरीचा वास आला, दमट, तिखट. पुण्याच्या त्या खोलीतला. समोर चार रिकाम्या खुर्च्या आणि त्यांतल्या एकीचं रेक्झिन कुणी बसल्यासारखं खाली दबलेलं.

मिस व्हर्नेलने ट्रंपेटवाल्याला पुन्हा वाजवण्याची खूण केली आणि ती निशिकांतच्या कानाशी वाकली.

"तुझा माणूस?"

"माझे गुरू..."

"कधी गेले?"

"गेले? कुठे? पुण्यात आहेत. आता जेवून झोपले असतील..."

बाईंचा चेहरा उतरला. "आम्ही इथे फक्त गेलेल्यांना बोलावतो, हनी. तू जिवंत माणसाला बोलावलंस..."

"मग आता..."

"शेवटचा ठोका त्याने इथे वाजवला, तर तो इथलाच झाला. तो ठोका त्याला देऊ नकोस."

आता बघा पंचाईत. साहेबाला उत्तर द्यायची ज्याची हिंमत नाही, त्याने गुरूच्या तोंडचा धा काढून घ्यायचा! खुर्चीतून तिहाई उठली. तोच डौल, तोच बेरकीपणा. पहिला पल्ला. दुसरा. निशिकांतचे हात सवयीने थांबायलाच निघाले होते. तिसऱ्याच्या शेवटी त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात पाया पडला आणि धा स्वतः हाणला.

त्याच्या बोटाच्या पेरावर काहीतरी गार, टणक आपटलं. टक्. मग सगळं शांत. रेक्झिन फुस्स करत वर आलं.

टाळ्या पडत होत्या. त्याने फोन लावला, स्पीकरवर. बराच वेळ वाजला.

"गाढवा!" पलीकडून मास्तर गरजले. "माझी सम खाल्लीस!"

निशिकांत रडला की हसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "मास्तर, तुम्ही बरे आहात ना?"

"झोपमोड झाली, बाकी ठणठणीत. पण स्वप्न छान होतं रे. हॅटवाली काळी माणसं, सगळी अगत्यशील. जागा करून दिली मला." मास्तरांनी तपकीर ओढली. "तू धा मारलास आणि मला उठावंच लागलं. तू मात्र उठला नाहीस."

"मी? मी तर स्टेजवर होतो, मास्तर."

"स्टेजवर कुणी का असेना. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतास. ऊठ म्हटलं, तर नुसता मान हलवत बसलास, डोळे मिटून..."

इराने त्याची बाही ओढली. ती आता इंग्लिशही विसरली होती.

"बाबा... मला वाटलं, ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव घ्यायचं. तुम्ही घेतलंत म्हणून मीपण घेतलं."

"कुणाचं?"

तिने त्याच्याकडेच बोट दाखवलं.

मास्तरांच्या खुर्चीशेजारचं रेक्झिन अजून दबलेलं होतं. निशिकांतने हात उचलला आणि डग्ग्यावर अगदी हलकी थाप दिली.

डग्गा मुकाच राहिला. थाप पहिल्या रांगेतून ऐकू आली.