जोत्याचा दाखला

"मॅडम, कागद नाही!" दप्तराचा कारकून धापा टाकत आला, तेव्हा तीन वाजले होते. सुनावणी पाचला.

तपासनीस मॅडमनी फाइल पुढे ओढली. नदीकाठी नव्या बांधकामांना नगरपालिकेने बंदी घातली होती. बंदीआधी ज्यांचं जोतं, म्हणजे पायावरचा चौथरा, पुरं झालं, त्यांचा जुना परवाना तेवढा जिवंत. आणि इथे जोतं पुरं झाल्याचा दाखलाच गायब! तो देणारा अभियंताही आता हयात नव्हता.

समोर अर्जदार गवंडी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मांडीवरच्या पिशवीतून भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा दोरीसकट डोकावत होता.

"पाया खोदताना माती ढासळली आणि आमचा मुलगा गेला," ती म्हणाली. "जोतं मग यांनी एकट्यानं पुरं केलं. सून, नात भाड्याच्या खोलीत आहेत. त्यांच्या डोक्यावर छप्पर नको?"

"म्हणजे परवाना रद्दच ना?" गवंड्याने खालमानेनं विचारलं.

मॅडमनी कारकुनाला बाहेर नेलं.

"फाइल शेवटची कोणी पाहिली?"

"या दोघांनीच, सोमवारी. बाई मध्येच अर्जाच्या रांगेत गेल्या. पण नुकसान त्यांचंच की! मला तर शेजारच्या बिल्डरचा संशय येतो."

"तो दप्तरात आला होता?"

"नाही."

"मग उगाच साप साप म्हणून भुई कशाला धोपटतोस? त्यानंतर फाइल कधी उघडली?"

"आत्ताच. गाठ सुटेना, शेवटी कात्री लावली."

"तू कशी बांधतोस?"

"मी? सुरगाठ. एक हिसडा, की मोकळी."

मॅडमनी त्याच्या हातातली फाइलची कापलेली नाडी घेतली. गाठ शाबूत होती. दोन वेढे, मधून फास, ओढावी तितकी आवळणारी. त्यांनी दारातून आत, ओळंब्याच्या दोरीकडे पाहिलं. हे कोडं सुटलं नसतं तर बरं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

आत येऊन त्यांनी नाडी टेबलावर ठेवली.

"चोर कागद घेऊन पळतो. या चोराने फाइल नीट बांधून ठेवली, हाताच्या सवयीने. तुमच्या ओळंब्याच्या दोरीला हीच गाठ आहे. आणि कागद कोणी नेला, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. परवाना रद्द ना, एवढंच विचारलंत."

गवंड्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "फाडणार होतो. पण त्यावर पोराचं नाव आहे. हात धजेना."

"अहो, का?" बायको त्याच्याकडे वळली.

"ज्या मातीनं त्याला घेतलं, तिच्यावर भिंत कशी चढवू? जोतं बांधताना रोज मेलो मी. तुला नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हटलं, नगरपालिकेनंच नाही म्हणावं."

तिने कागद त्याच्या हातातून घेतला. "आणि मी समजत होते, तुम्ही दगड झालात. डोळ्यांतून टिपूस नाही काढलं कधी."

मग तिने कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. "लावा, मॅडम. त्यानं खोदलेलं मी बुजू देणार नाही. भिंती दुसरा गवंडी चढवेल."

"दुसरा कशाला?" तो पुटपुटला.

मॅडमनी दाखला जागेवर लावला आणि नवी नाडी पुढे केली. गवंड्याने ती घेतली. चाळीस वर्षांची सवय, पण वेढे निसटत होते. गाठ काही बसेना.

बायकोने वेढ्यावर बोट दाबून धरलं. "आता बांधा," ती म्हणाली.