हनुवटीखालची बोटं

बघा.

रुग्णवाहिकेवर तिला सगळे ताई म्हणायचे, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे ड्रायव्हरकाकासुद्धा. त्या सकाळी तिनं ऑक्सिजन तपासला, काकांनी चहा सांडला आणि दोष गाडीच्या क्लचला दिला. मग फोन आला.

दुसऱ्या मजल्यावर, पलंगावर एक म्हातारे गृहस्थ बेशुद्ध पडले होते. बेशुद्ध माणसाची जीभ सैलावून घशात मागे जाते, श्वासाची वाट बुजते. हनुवटी वर उचलली की वाट मोकळी. ताईनं हात पुढे केला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

हनुवटी आधीच उचललेली होती. मान हवी तेवढीच मागे, तोंड किंचित उघडं. छाती संथ हलत होती.

"मान कुणी धरली यांची?"

"हात कुण्णी लावला नाही हो," सून म्हणाली. "धीरच झाला नाही."

जबड्याच्या हाडाखाली बोटांचे लालसर ठसे होते. शेवटचा जरा बाहेर गेलेला, वाकडा. ताईनं नकळत आपली बोटं त्यांवर ठेवली. चपखल बसली. तिची करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झाली होती.

गृहस्थ वाचले.

"पोचायच्या आधीच काम उरकता की तुम्ही!" काका म्हणाले. ताईही हसली.

ऐका.

पुढच्या आठवड्यात जिन्यात एक बाई कोसळली. शेजारीण कठड्याला धरून उभी होती.

"घर्र घर्र आवाज येत होता घशातून. मग एकदम बंद. मला वाटलं, संपलं. पण श्वास चालू! कुणीतरी मान सरळ केल्यासारखा आवाज थांबला बघा."

"कोण होतं इथं?"

"मी एकटीच. आणि मी तर वरच्या पायरीवरून खाली उतरलेच नाही."

पुन्हा ठसे. पुन्हा ती करंगळी.

परतताना काका हसले नाहीत. गिअर टाकत म्हणाले, "चिंगीला तरी शिकवून ठेवा हे हनुवटीचं. घरात तुम्ही दोघीच."

"नऊ वर्षांची आहे ती, काका. आणि मी आहे ना."

चिंगी तिची लेक. दम्याची. दप्तरात कंपासपेटीशेजारी पंप घेऊन हिंडणारी, पळायचं नाही म्हटलं की हमखास पळणारी.

गाल टेकवा.

श्वास दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर आपला गाल त्या माणसाच्या तोंडाजवळ न्यायचा. ऊब लागते.

शिवणकारखान्यातल्या कापड कापणाऱ्या माणसाची ऊब लागली नाही. जेवताना घास अडकला होता. ताईनं चिमट्यानं घास काढला, श्वास देणारी अँबू बॅग त्याच्या तोंडावर धरून दाबत राहिली, काकांनी छाती दाबली. दोघांना घाम फुटला. माणूस गेला.

त्याच्या जबड्याखाली ठसे होतेच.

"डबा उघडायच्या आधीपासूनच विचित्र वागत होता," सोबतचा शिंपी म्हणाला. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "हनुवटी वर करून नुसता छताकडे बघत बसला. आम्ही म्हटलं, काय रे, पगारवाढ वरून पडणारे का? तर म्हणतो, मान खालीच येत नाही. आम्ही हसलो. मग त्यानं तसाच घास घेतला."

आधीपासूनच.

म्हणजे आता ते हात श्वास थांबायची वाट बघत नव्हते.

ताईनं घरी फोन लावला. वाजत राहिला. चिंगीची शाळा केव्हाच सुटली होती. पुन्हा लावला.

"काका, घरी घ्या. आधी घरी."

काकांनी गाडी वळवली.

भर दुपार. जिन्यात ऊन. ती दोन दोन पायऱ्या चढली. बेल दाबली, दाबूनच धरली.

दार उघडलं.

तोंडाला जॅम फासलेली चिंगी उभी होती. "अगं, कान फुटतील की! फोन वाजला तेव्हा अंघोळीला गेले होते."

"पंप घेतलास? छाती भरलीये का?"

"नाही गं. काय झालंय तुला?"

ताई दारातच गुडघ्यांवर बसली. चिंगीची मान चाचपली. ठसे नाहीत. पुन्हा चाचपली. काही नाही. गाल तिच्या तोंडाजवळ नेला.

ऊब लागली. जॅमचा गोड वास.

तिनं लेकीला घट्ट मिठीत घेतलं. खाली काकांनी गाडी सुरू केली. डिझेल भरायला निघाले असावेत. निघतो म्हणून हॉर्न वाजवला. गाडी गेली.

बरं झालं. सगळं ठीक होतं.

"आई."

"हं."

"वर काय बघतेस?"

ताईनं मान खाली घ्यायचा प्रयत्न केला.

जबड्याखाली गार बोटं होती. एक जरा वाकडं.

तिचे दोन्ही हात चिंगीच्या पाठीवर होते.