ठोंब्याला न्यायला कोण आलं?

हे मी रचलेलं नाही. पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढे सरका, पण खाली कमेंटमध्ये येऊन "पुरावा द्या" असली थट्टा करू नका. जिच्यासोबत हे घडलं ती अंजली माझी सख्खी मावसबहीण. मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. रहाटणी. आणि रात्र-बित्र नाही बरं का. टळटळीत दुपारचे चार.

अंजली ताथवड्यात राहते. आयटीत आहे, काम घरूनच. त्यामुळे ओळखीतले लोक बाहेरगावी जाताना आपलं कुत्रं-मांजर बिनधास्त तिच्यावर सोपवायचे. त्या आठवड्यात ती रहाटणीत भीमराजकाकांच्या घरी मुक्कामाला होती. काका चाकणच्या एका कंपनीत फिटर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात दोघंच... काका आणि ठोंब्या.

ठोंब्या म्हणजे तांबडा गावठी कुत्रा. पिल्लू असताना काकांनी त्याला डब्याच्या पिशवीत घालून कंपनीच्या बसमधून घरी आणलं होतं. तेव्हापासून चार वाजता बस कोपऱ्यावर थांबली की हा दाराशी हजर.

काकांचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. दुखणं वर्षभर अंगावर काढलं होतं बिचाऱ्यांनी. तीन जिने चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबायचे. दवाखान्यात जाताना ठोंब्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाले, "चार दिवस रे फक्त. आलोच बघ."

बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पोरी, सगळं झ्याक झालं. उद्या सोडतायत. चारपर्यंत पोचतो घरी. तू तुझी नाशिकची गाडी चुकवू नको हां."

नाशिकला श्रद्धा राहते. हॉस्टेलच्या चौघी मैत्रिणी चार वर्षांनी तिच्याकडे एकत्र जमणार होत्या. गुरुवारी साडेपाचची गाडी होती. अंजलीने सकाळीच बॅग भरून दाराशी ठेवली.

घोर एकच होता. बुधवार रात्रीपासून ठोंब्या जेवत नव्हता.

दूध-भाकरीचं भांडं तसंच पडून. हा दाराच्या फटीला नाक लावून बसलेला. अंजली त्याच्या शेजारी फरशीवर बसली. "अरे, येतोय तुझा बाप. खा ना राजा, दोन घास तरी." त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला रडूच आलं.

चार वाजले.

खाली बस थांबल्याचा आवाज आला... आणि तिचं दार उघडल्याचा तो फुस्स आवाज.

ठोंब्या ताडकन उठला.

जिन्यात पावलं वाजली... सोबत स्टीलचा डबा खुळखुळत होता.

पहिला मजला.

दुसरा मजला.

कुठेही न थांबता.

अंजलीचा जीव भांड्यात पडला. "आले बाई एकदाचे!" म्हणत तिने धावत जाऊन दार उघडलं.

दारात कुणीच नव्हतं...

पण ठोंब्याला ते कोण सांगणार! शेपटीसकट सगळ्या अंगाने हलत होता. कुईं कुईं करत मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचे दोन्ही पाय हवेत टेकवले...

आणि ते तसेच टेकलेले राहिले.

मग ठोंब्या घरात आला, भांडं चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि पुन्हा बाहेर गेला. शांतपणे जिना उतरायला लागला. मान वर करून. उजवीकडे बघत. माणूस बरोबर असला की चालतो तसा.

ती धावत खाली गेली तोवर तो कोपरा वळला होता. कोपऱ्यावर पोचली, तर दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता.

खालच्या किराणा दुकानात उद्धवराव बसलेले. इथलेच जुने गावकरी.

"अहो, ठोंब्या कुठे गेला? आत्ता कंपनीच्या बसमधून कोण उतरलं?"

उद्धवरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "बस? ताई, आज गुरुवार हाय. कंपनीला आठवड्याची सुट्टी. बस कुठली आलीया आज?"

शनिवार-रविवार सुट्टी घेणारी ही पोरगी. तिच्या कशाला लक्षात राहतोय आमचा गुरुवार!

तिने काळेवाडीपर्यंत गल्ली न् गल्ली पालथी घातली. हाका मारून घसा बसला. नाशिकची गाडी गेली. सहाच्या सुमाराला परत आली तेव्हा जिन्याशी काकांची धाकटी बहीण उभी होती, सरूबाई. डोळे सुजलेले, हातात स्टीलचा डबा.

"दादा गेला गं," त्या म्हणाल्या. "साडेतीनला. कपडे करून बसला होता घरी यायला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सकाळचं अंडंसुद्धा खाल्लं नाही बघ, ठोंब्यासाठी डब्यात ठेवलं होतं." त्यांनी डबा उघडला.

डबा रिकामा होता.

त्यांना वाटलं, गडबडीत कुठेतरी पडलं असेल. डोळे पुसून म्हणाल्या, "ठोंब्याला न्यायला आले मी. दादाचं आता तेवढंच उरलंय. कुठाय तो?"

मीच दार उघडलं, मीच सोडलं त्याला, एवढंच अंजलीच्या डोक्यात.

"सरूताई... त्याला काका घेऊन गेले."

तिला वाटलं, आता ही बाई थोबाडीत मारेल. पण सरूबाई मटकन पायरीवर बसल्या. मग हळूच विचारलं,

"जिना उतरताना... दुखत नव्हतं ना गं दादाला?"

अंजलीने काकांना पाहिलंच नव्हतं हो. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही ताई. जरासुद्धा नाही."

ठोंब्या आजतागायत सापडलेला नाही. अंजलीने त्यानंतर कुणाचं जनावर सांभाळायला घेतलं नाही. मी तिला एकदाच विचारलं, तू खोटं बोललीस का गं तेव्हा, त्यांचं मन राखायला?

तर म्हणाली, "ते मी बोललेच नाही रे. आवाज तेवढा माझा होता."