ठिपक्याने दिलेली ओ

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरातली आहे. रचून सांगायची असती, तर मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. अर्धांगवायू झाल्यापासून त्या मागच्या खोलीत पडून असायच्या. वाचा जवळजवळ गेलेली. फक्त "अगं..." एवढंच म्हणता यायचं. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर. त्यांनी हाक मारली की माझं उत्तर ठरलेलं.

"आले, दोन मिनिटं."

त्या गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून नवऱ्याने एक छोटा पोपट आणला. हिरवा, मुठीत मावेल एवढा. गळ्यावर काळे ठिपके, म्हणून ठिपक्या.

दुकानदाराने बजावलं होतं, आठ दिवस पिंजऱ्यात हात घालायचा नाही. नुसतं शेजारी बसायचं, हळू बोलायचं. आधी त्याला तुमचा आवाज कळू दे, मग हात. मी मशीनच पिंजऱ्याजवळ सरकवलं. दहाव्या दिवशी त्याने माझ्या बोटांतून राळ्याचे दाणे टिपले. पुढच्या आठवड्यात बोटावर येऊन बसला. खरं सांगते, जीव जडला.

मग एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनला...

मी सुईत दोरा ओवत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. किलबिलणारा ठिपक्या एकदम गप्प झाला.

मान तिरकी करून मागच्या खोलीकडे बघत राहिला.

ऐकत राहिला...

आणि म्हणाला, "आले, दोन मिनिटं."

आवाज माझा होता.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, जरा चिडून. त्यानंतर चिडीचूप.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "नर म्हणून आणला आणि 'आले' म्हणतो! तुझंच ऐकून शिकलाय."

पण ते शक्यच नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून ते शब्द मी उच्चारलेच नव्हते. जीभ रेटत नव्हती.

का, ते नवऱ्यालाही माहीत नाही.

त्या गेल्या तोही मंगळवारच होता, वेळही तीच. त्यांनी तीनदा हाक मारली. तीनदा मी तेच म्हणाले, तिसऱ्यांदा चिडून. एका झग्याची किनार तेवढी राहिली होती. चौथी हाक आली नाही, तेव्हा मला बरं वाटलं.

हो, बरं वाटलं.

किनार संपवून गेले, तर त्यांचा हात पलंगाखाली लोंबत होता.

सगळ्यांना सांगितलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांतपणे गेल्या. नातेवाईक म्हणाले, पोटच्या लेकीने केलं नसतं एवढं केलंस. धाकटी नणंद गळ्यात पडून रडली, माझे आभार मानले. मी मानू दिले.

आणि आता ठिपक्या रोज सव्वातीनला ओ देत होता. मोजून तीनदा.

नणंद राहायला आली, तेव्हा मनात एकच होतं. हिला कळलं तर? तीन वाजताच पिंजऱ्यावर चादर टाकली.

चादरीखालून आवाज आला... "आले, दोन मिनिटं."

नणंद हसली. म्हणाली, हुबेहूब तुझा आवाज. दुसऱ्यांदाही हसली. तिसऱ्यांदा तिने हातातला कप खाली ठेवला. मागच्या खोलीकडे बघितलं.

"वहिनी, हा कुणाला ओ देतोय गं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पोपटपंची ती. तिला काय अर्थ असतो?"

ती तिच्या घरी गेली, त्याच दिवशी मी ठिपक्याला दुकानात परत दिलं. पिंजऱ्याच्या तारांतून तो माझं बोट शोधत होता. मी मान वळवली.

तीन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. "ताई, हा बोलतो म्हणाला होतात ना? इथे तर एक शब्द काढला नाही."

मी फोन ठेवला.

तिथे त्याला कोणी हाकच मारत नसेल...

मला इथली हाक कधीच ऐकू आली नाही. ठिपक्या होता तोवर निदान ती कधी येते, ते कळायचं. आता दिवसातून दहादा मशीन सोडून उठते आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहते.

नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

पलंग रिकामा असतो. मी वेळेवर आले की उशिरा, हे विचारणार तरी कुणाला?