उजव्या खांद्यावर

मी माणसांचे हात बनवते. अपघातात हात गेलेला माणूस येतो, त्याच्या उरलेल्या हाताचा मी साचा घेते, त्यावरून आरशातल्यासारखा उलटा हात मेणात कोरते आणि मग तो सिलिकॉनमध्ये ओतते. त्यावर कातडीचा रंग, शिरा, नखं. हे हात काही धरत नाहीत की उचलत नाहीत. आत सांधा नसतो, तार नसते. ओतले तसेच राहतात. बाही रिकामी दिसू नये, एवढंच त्यांचं काम.

"अख्ख्या गावाला हात पुरवते," दादा म्हणायचा, "आणि हिचा हात मागायला कुणी येत नाही." विनोद शिळा झाला तरी तो सोडायचा नाही, आणि मी चाळिशी ओलांडली तरी तो मला लागायचा. सुट्टीच्या दिवशी ओट्याशी उभ्यानंच एकटीचं जेवण उरकताना जास्तच लागायचा. मला कुणीतरी हवं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

डेटिंग ॲपवर मला वहिनीनं घातलं. मी दिलेले फोटो पाहून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पासपोर्ट काढायचाय का? हसायला पैसे पडतात?" तिचं बरोबर होतं. बरेच दिवस एका विमा एजंटाखेरीज कुणी फिरकलं नाही. मग तिनं दादाच्या नव्या घराच्या गच्चीवर गेल्या वर्षी काढलेला एक फोटो शोधला. सगळे ओळीनं उभे, मी टोकाला, कशावर तरी खळखळून हसतेय. तिनं बाकीच्यांना कापलं. माझ्या उजव्या खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा उरला.

"राहू दे तो," ती म्हणाली. "माणसांतली वाटतेस."

त्या संध्याकाळी फोन वाजून वाजून मी हैराण झाले. मास्तर काय, वकील काय, एक बेकरीवाला काय, सगळे त्या एकाच फोटोबद्दल लिहीत होते. किती निश्चिंत दिसता म्हणे. मी तो काढून दुसरा लावला, तर सगळं चिडीचूप. परत लावला, परत झुंबड. कारण न कळणाऱ्या गोष्टी मला सोसत नाहीत, म्हणून मी वहिनीकडून मूळ फोटो मागून घेतला.

माझ्या उजवीकडे वहिनीच उभी होती, आणि तिच्या दोन्ही हातांत सरबताचा ट्रे होता. आमच्या पाठीमागे भिंत होती, पाठ टेकेल इतकी जवळ. फोटो काढत होता दादा.

"असेल कुणीतरी मागून घुसलेलं," वहिनी म्हणाली. "मासे गळाला लागतायत ना? मग कशाला नसत्या चौकशा?"

त्या माशांतच चष्मेवाले होते. एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे. बायको पाच-सहा वर्षांपूर्वी गेलेली. थोडं लिहायचे, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, आणि हे त्या ॲपवर किती दुर्मीळ आहे ते तिथं गेलेल्यालाच कळेल. आम्ही दुपारी एका कॅफेत भेटलो. त्यांचा डावा हात कोटाच्या खिशात होता. कॉफी आली, केक आला, तरी तो बाहेर येईना, तेव्हा मी ओळखलं. माझा तर धंदाच तो.

"काढा बाहेर," मी म्हटलं. "वाईट वाटून घेणार नाही. फार तर रंगाला नावं ठेवीन."

ते हसले. हात रबराचा होता, दुकानात तयार मिळतो तसला, बाहुलीच्या रंगाचा. त्यांच्या सगळ्या फोटोंत डावी बाजू कापलेली का होती, तेही कळलं.

"फोटोत सगळेच काहीतरी कापतात," ते म्हणाले.

मला ते आवडले. फार आवडले. परतताना बसमध्ये मी माझा स्टॉप मागे टाकून कितीतरी पुढे गेले, उतरायचं भानच राहिलं नाही.

हात कसा गेला, हे मी पुढे कधीतरी बागेतल्या बाकावर बसून विचारलं. गिऱ्हाइकांना विचारते तसंच, सरळ.

"गाडी कालव्यात उलटली," ते म्हणाले. "ही शेजारच्या सीटवर. माझा हात हिच्या खांद्यावर होता. गाडीचं छत दबलं आणि हात तसाच अडकला. मला लोकांनी काढलं. हिला उशीर झाला. हात मग दवाखान्यात काढावा लागला."

"तुम्ही त्यांना वर ओढत होता?"

त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवून एका हातानं नीट पुसला, परत घातला.

"धरून होतो," ते म्हणाले.

तुम्हाला चांगला हात मी करून देते, एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये आले. मी त्यांच्या उजव्या हाताचा साचा घेतला आणि मेण कोरायला बसले.

करंगळीपाशी मी थांबले. तिचं शेवटचं पेर शेजारच्या बोटाकडे झुकलेलं होतं. अशी करंगळी मी कुठंतरी रोज पाहत होते.

फोन काढला. फोटो मोठा केला.

आखूड, आडवी नखं. मधल्या बोटाच्या सांध्यावरच्या त्याच वळ्या. मागून पुढे आलेली बोटं, अंगठा दंडाकडे, करंगळी मानेकडे, म्हणजे डावा हात. इतके दिवस मी तो बघत होते आणि हातांचं काम करणारी असून मला एक गोष्ट दिसली नव्हती. माझ्या ड्रेसचं कापड त्या बोटांखाली गोळा झालं होतं. सांधे पांढरे पडले होते. हात ठेवलेला नव्हता, दाबलेला होता.

आणि त्याखाली मी हसत होते.

मेण वितळवून टाकायला हवं होतं. त्यांचा नंबर पुसायला हवा होता. भीती वाटली, हे कबूल. पण डोळ्यांसमोर ओटा आला, उभ्यानं उरकलेलं जेवण आलं. मला ते हवे होते.

मी कोरत राहिले. साचा बाजूला ठेवून आता फोटोवरून. तर्जनीच्या मुळाशी एक तिरपी जुनी खूण दिसत होती, तीही घातली. बोटं मात्र मुद्दाम सरळ ठेवली. सैल, सरळ, कशालाच न धरणारी.

हात बसवल्यावर त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"ही खूण," ते म्हणाले. "लहानपणी कात्री लागली होती. मी सांगितलं होतं?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली. मग तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दादानं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर वहिनीनं सगळ्यांना गच्चीवर भिंतीशी ओळीनं उभं केलं. "अहो, जवळ या की! हात ठेवा तिच्या खांद्यावर, लाजताय काय?" ते माझ्या उजवीकडे आले.

हात खांद्यावर आला. वजन ओळखीचं होतं.

"हिनं तर माणूसही घरीच घडवला!" दादा ओरडला. सगळे हसले. मीही हसले. फोटो निघाला.

आता आम्ही टेबलाशी बसून जेवतो, दोघं. त्यांनी परवा एका हातानं चालवता येईल अशी गाडी घेतली. शेजारची सीट तुमची, म्हणाले. वहिनी तिच्या मैत्रिणींना माझं उदाहरण देते, फोटो कसा निवडावा ते सांगते.

गच्चीवरचा हा नवा फोटो तिनं फ्रेम करून दिलाय, टेबलासमोरच लावलाय. मी खळखळून हसतेय. ते माझ्याकडे बघतायत. मी केलेला हात माझ्या खांद्यावर आहे, आणि चारही बोटांखाली माझ्या ड्रेसचं कापड गोळा झालेलं आहे.