दोराचं दुसरं टोक

रविवारी दुपारी अडीचला जगदीश न्यू लिन उपनगरात कुशलच्या दारात हजर झाला. गाडीत मासेमारीचे दोन रॉड, चहाचा थर्मास आणि गळाला लावायला पेट्रोल पंपावरून घेतलेली गोठलेली मासळी होती. "चल रे. काळोख पडायच्या आत परत येऊ. आज काहवाई मासे ढिगानं मिळणार," तो म्हणाला. जुलै म्हणजे इथला हिवाळा, थंडी होती, पण आभाळ कोरडं होतं. नाही म्हणायला कुशलकडे एकही धड सबब नव्हती.

समुद्रकाठच्या त्या खडकावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिथेच जगदीश पाण्यात गेला होता.

दोघं पुण्यापासूनचे मित्र, आता दोघंही ह्या परदेशात. कुशल फार्मसिस्ट, जगदीश हॉस्पिटलात नर्स. कॉलेजच्या दिवसांत दोघांनी सह्याद्रीचे कडे पालथे घातले होते आणि तीच सवय इथे नडली. घसरलाच एक तर दुसरा धरेल, म्हणून त्यांनी दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं "किया ओरा" असा इथला नमस्कार करून झाल्यावर बजावलंही होतं, की बाबांनो, एकमेकांना बांधू नका, समुद्र एकाऐवजी दोघांना नेईल. दोघांनी हसून मान डोलावली आणि गाठ आणखी घट्ट केली. शिकलेल्या माणसांना कुणी काही सांगायची सोय नसते.

म्हातारा गेल्यावर ती लाट आली. जगदीश पाण्यात गेला आणि कुशल पोटावर फरफटत थेट कडेपर्यंत आला. आमिष कापायची सुरी हातातच होती. त्यानं दोर कापला. आपल्या कमरेचं टोक पाण्यात भिरकावलं आणि मोबाइलला रेंज मिळेपर्यंत तो वर धावत सुटला. फोन करून वीस मिनिटांनी खाली आला, तर जगदीश खडकावर पालथा पडलेला, ओकत होता, जिवंत होता. त्याच्या कमरेला दोर नव्हता.

"ह्यानं ओढून काढलं मला," जगदीशनं बचाववाल्यांना सांगितलं. कुशल गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची त्याला अजून लाज वाटत होती.

मग जगदीश सगळ्यांना तेच सांगत सुटला. माउंट रॉस्किलच्या आपल्या घरी त्यानं बुद्धवंदना ठेवली, तेव्हा त्याच्या बायकोनं, वसुंधरानं, भरल्या डोळ्यांनी हात जोडले. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. जीवहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाचा आणि मासेमारीचा मेळ कसा घालायचा, हे दोघा मित्रांनी एकमेकांना कधीच विचारलं नव्हतं. पण चौथं शील म्हणताना, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, कुशलची जीभ अडली. त्यानं डोळे उघडले, तर जगदीश त्याच्याकडेच बघत होता.

ह्याला ठाऊक आहे, असं तेव्हापासून कुशलच्या मनानं घेतलं. ठाऊक असूनही हा चारचौघांत आपले गोडवे गातोय, म्हणजे ह्याच्या मनात काहीतरी शिजतंय. आणि आता पुन्हा तोच खडक.

चारच्या सुमाराला ते पोचले. आज आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ओल्या शेवाळाचा उग्र वास सुटला होता. खडकाच्या पोटात कुठेतरी पोकळी होती, तिथे पाणी शिरायचं आणि बराच वेळ बाहेरच यायचं नाही. कुशलनं कड्याला पाठ टेकली आणि सुरी आपल्या खिशात टाकली.

"इकडे ये ना," जगदीश म्हणाला. "तिथून गळ पोचणार नाही."

"मी इथेच बरा आहे."

"घाबरतोयस?"

तासभर एकही मासा लागला नाही. उजेड उतरत चालला. जगदीश अधूनमधून मान तिरकी करून काही कानोसा घेत होता. शेवटी कुशलला ते सोसवेना. जे व्हायचं ते होऊ दे, पण हे ओझं आता नको, असं त्याला झालं.

"जग्या, मी तुला ओढलं नाही. मी दोर कापला... आणि पळालो."

जगदीश वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता गोंधळून बघत राहिला.

"थट्टा करू नकोस."

"खरंच सांगतोय. माफ कर मला."

"अरे, पण कुणीतरी ओढत होतं... हातभर ओढायचं, थांबायचं... पुन्हा ओढायचं. धाप ऐकली मी. तुझाच आवाज होता."

"मी वर होतो, गाडीपाशी. काय म्हणत होता आवाज?"

"म्हणाला, सोडतो तुला. पण परत ये... आणि येताना एकटा येऊ नकोस." जगदीशनं ओठांवरून जीभ फिरवली. "मला वाटलं, तुलाच सोबत आणायला सांगतोयस. म्हणून तर तुला घेऊन आलो."

दोघांनीही रॉड खाली ठेवले. परतीची वाट कडेला लागूनच जात होती आणि आधी पाऊल कुणी टाकायचं, हे कुणालाच सुचेना. कुशलचे ओठ घट्ट मिटलेले होते. तरीही खडकाखालून त्याचा स्वतःचा आवाज आला, दमलेला, अगदी आपुलकीचा.

"आलात का रे दोघं?"