शेवटच्या खुंटीची जागा

दिवा जरा पुढे ओढ. दुपारच आहे म्हणा, पण या दिवसांत आमच्याकडे सूर्य डोंगराआडून वर येतच नाही, आणि हे मला उजेडात बसून सांगायचंय.

काम अगदी साधं होतं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या टोकाला, डोंगराच्या पोटात एक छोटं वीजकेंद्र आहे. वरच्या तळ्याचं पाणी बोगद्यातून खाली येतं. बोगद्यात माणूस शिरणार असला की पाण्याचा दरवाजा बंद करतात, आणि आत जाणारा प्रत्येक जण तोंडाशी लावलेल्या फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवतो. बिल्ला खुंटीवर असेपर्यंत दरवाजा उघडत नाही. हे सांभाळतो एक प्रोग्रॅम. तो लिहायचा नसतो, मांडायचा असतो. स्क्रीनवर चौकोनी ब्लॉक ठेवायचे आणि रेघांनी जोडायचे. प्रत्येक खुंटीचा एक ब्लॉक, आणि सगळ्यांच्या खाली दरवाजाचा. यंत्र पान वरून खाली वाचतं. खुंटीचा ब्लॉक दरवाजाच्या खाली गेला, तर आधी पाणी सुटणार आणि मग आत कोणी आहे का, याची चौकशी होणार.

शेवटच्या खुंटीला ब्लॉकच नव्हता; तो बसवायला मला बोलावलं होतं. ती खुंटी माझ्या धाकट्या भावाला मिळाली होती. आइलिफ नुकताच तिथे कामाला लागला होता, आणि त्याच दिवशी त्याला आत जाऊन जाळीत अडकलेला बर्फ फोडायचा होता.

"ताई, माझा जीव तुझ्या चौकोनात आहे बरं," ब्रेडवर तपकिरी चीज ठेवत तो म्हणाला. "नीट बसव. माझ्या सायकलचं चाक बसवलं होतंस, तसं नको."

"ते तू उलटं धरलं होतंस, गाढवा."

म्हातारा यंत्रचालक हाल्दोर आमच्या समोर कॉफी पीत होता. तो हसला नाही. त्याच्या मागे भिंतीवर कपांची रांग होती, आणि टोकाला एक निळा कप धुळीने माखलेला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"आर्न्तचा. माझ्याहून म्हातारा. आइलिफच्या आधी ती शेवटची खुंटी त्याची होती." त्याने मानेनेच बोगद्याकडे खूण केली. "आत असताना पाणी सुटलं. सापडला नाही. इतकी वर्षं त्याचा बिल्ला तिथेच होता; खुंटीला ब्लॉक नाही, म्हणून दरवाजा अडायचा नाही. कचेरीने सांगितलं म्हणून मी परवा उतरवला. कप मात्र उतरवणार नाही."

मला अशा गोष्टींचा कंटाळा आहे. मी लॅपटॉप उघडला.

पानावर खुंट्यांचे ब्लॉक एकाखाली एक नीट मांडलेले, आणि त्यांच्या व दरवाजाच्या मध्ये एक रिकामी जागा. मी आइलिफचा ब्लॉक तिथे सोडला. तो घसरला आणि दरवाजाच्या खाली जाऊन बसला. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. खाली ओळ उमटली: या जागी आधीच एक ब्लॉक आहे.

जागा तर कोरी होती. मी दरवाजाचा ब्लॉक खाली सरकवून जास्त मोकळी जागा केली. उपयोग झाला नाही. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. नवं कोरं पान घेतलं आणि सगळं त्यावर नव्याने मांडलं. नव्या पानावरही तेवढीच जागा अडलेली. खोलीत ओल्या दगडाचा वास येऊ लागला होता. बोगद्याचं दार कोणी उघडं टाकलं असेल, असं मला वाटलं.

शेवटी मी त्या कोऱ्या जागेभोवती माउसने चौकट ओढली. खाली आलं: एक ब्लॉक निवडला.

दिसत काहीच नव्हतं.

"सापडलं," मी म्हणाले. "जुनं काहीतरी राहून गेलंय. पुसून टाकते."

हाल्दोर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. "पुसू नकोस," तो हळूच म्हणाला.

"का?"

"तो जागा धरून बसलाय... उठला, तर ती कोणाला तरी द्यावी लागेल."

"हाल्दोर, ती जागा आइलिफची आहे."

"तेच म्हणतोय मी."

मी पुसलं. आइलिफचा ब्लॉक जागेवर अलगद बसला. आम्ही तपासून पाहिलं. बिल्ला अडकवला की दरवाजा अडायचा, काढला की सुटायचा. पुन्हा पुन्हा पाहिलं, कुठेच खोट नव्हती. खोट असती तर मी त्याच्यासमोर दारात आडवी पडले असते, हे तू तरी मान.

आइलिफने बिल्ला अडकवला, दिवा डोक्यावर चढवला आणि आत गेला. त्याची शीळ बराच वेळ ऐकू येत होती.

मग शीळ थांबली, आणि डोंगराच्या आतून घरघर सुरू झाली. दरवाजा आपोआप उघडत होता. हाताने बंद करायचं चाक नवी यंत्रणा आली तेव्हाच भंगारात गेलेलं. मी स्क्रीनकडे धावले. आइलिफचा ब्लॉक पानावर नव्हता. त्याची जागा कोरी होती. बिल्ला मात्र खुंटीवर तसाच लटकत होता, जरासा हलत.

वर तळ्याशी धावत जाऊन आम्ही पाणी अडवलं तोवर फार उशीर झाला होता. तो सापडला नाही. त्याला शोधून परत आलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर निळा कप होता. स्वच्छ धुतलेला, अर्धा प्यालेला. कॉफीतून वाफ येत होती. हाल्दोरने एकदा बघितलं, कोट घेतला आणि तो पुन्हा कधीच कामावर आला नाही. मीही नाही.

आज सकाळी तिथल्या नव्या इंजिनिअरचा फोन आला. वेगार नाव त्याचं, गोड बोलतो.

"तोरुन, शेवटच्या खुंटीचा ब्लॉक बसतच नाहीये. जागा कोरी आहे, तरी आधीच एक आहे म्हणतंय. तू मागे कसा बसवलास?"

कसं करायचं ते मला माहीत होतं. चौकट ओढायची, पुसायचं, की आर्न्त सुटला तसा माझा भाऊ त्या पाण्यातून बाहेर. या टेबलाशी, या खुर्चीत. देवाशपथ, शब्द ओठांवर आले होते.

"ती खुंटी कोणाची?" मी विचारलं.

"माझीच. दुपारी आत जायचंय."

त्याच्या मागे कुठेतरी लहान मूल हसत होतं. बहुधा शाळेला सुट्टी म्हणून सोबत आणलेलं.

"पुसू नकोस," मी म्हणाले. "आत जाऊ नकोस. ती जागा... भरलेली आहे." एवढं बोलताना मी आइलिफला दुसऱ्यांदा पाण्यात सोडलं.

"बरं," तो म्हणाला. "इथले म्हातारे गृहस्थपण तेच म्हणतात."

"हाल्दोर? तो तर गेल्या वर्षीच वारला."

"नाव नाही विचारलं. मी आल्यापासून इथेच बसलेले असतात, निळ्या कपात कॉफी पीत. शेगडीजवळच बसतात, पण त्यांचे बूट काही वाळत नाहीत."